बादलीतला भंगुरतारा

मित्रांनो, मी एक भित्रा भंगुरतारा आहे. समुद्रातल्या जाडजूड तारामाशाचा सडपातळ चुलतभाऊ. मधे रुपयाच्या नाण्याएवढं गोल अंग आणि त्याला पाच लांब, केसाळ, सापासारखे वळवळणारे हात. मला डोकं नाही, डोळेही नाहीत. पण उजेड-अंधार मला अंगभर कळतो आणि काचेला टेकून बसलो की घरातलं बोलणंही कळतं. कोणी माझा हात धरला तर मी तो तिथेच सोडून पळतो. तो पुन्हा उगवतो, पण त्याला कित्येक महिने लागतात. पळून जाणं ही एकच विद्या मला येते. सध्या माझे तीनच हात पूर्ण आहेत. उरलेले दोन आखूड का आहेत, ते सांगायला मी आज बसलो आहे.

माझा जन्म दक्षिणेच्या उथळ, कोमट समुद्रात झाला. आई-बाप कोण ते मला ठाऊक नाही. आमच्यात पिलांनी पाण्यावर वाहत जायचं आणि ज्याचा त्याने दगड शोधायचा. मला एका प्रवाळाखाली फट मिळाली. दिवसा त्या फटीत अंग चोरून बसायचं, उजेड उतरला की दोन हात बाहेर काढायचे आणि मरून पडलेलं, कुजायला लागलेलं जे हाताला लागेल ते पोटात घालायचं, हा आमचा धंदा. तुमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी येते ना, तसा मी समुद्राचा कचरा उचलतो. घंटा मात्र वाजवत नाही. आवाजाची मला भीती वाटते.

एक दिवस माझ्या अंगावरचा दगडच कोणीतरी उचलला. मग पिशवी, अंधार, थर्माकोलचा डबा, पुन्हा अंधार आणि शेवटी नागपुरात राजदीप नावाच्या माणसाचं माशांचं दुकान. तिथून मला सलीलने घेतलं. सलील पुसदला बँकेत आहे. पुण्याला नोकरीत असताना त्याला समुद्री टाकीचा नाद लागला, आणि बदली होऊन तो आपल्या गावी परतला तरी नाद काही सुटला नाही.

मला मांडीवर घेऊन तो एसटीत बसला. आर्णीच्या स्टँडवर बस बराच वेळ उभी होती. शेजारच्या एका आजोबांनी डब्याचं झाकण जरासं उचलून आत पाहिलं.

“काय हाये हे बाप्पा? पाण्यातला कोळी हाय का?”

“नाही काका, समुद्रातला भंगुरतारा आहे.”

“खातेत काय याले?”

“नाही हो, पाळायचा आहे.”

“पाळाचा?” आजोबांनी सलीलला खालून वरपर्यंत न्याहाळलं. “दूध देत नाही, अंडे देत नाही. मंग कायले पाळून राह्यला बावा?”

सगळी बस हसली. मी मात्र पिशवीच्या कोपऱ्यात पाचही हातांची गाठ मारून बसलो होतो.

सलीलच्या घरी बैठकीत, भिंतीला लागून ती टाकी होती. खारं पाणी, दगडांचे दोन डोंगर, त्यांवर दुसऱ्याच्या टाकीत वाढवून आणलेले मऊ प्रवाळ, फुलासारखे उमलणारे. नारंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी, लाल पट्ट्याची एक कोळंबी आणि काचेवरचं शेवाळ चरणाऱ्या गोगलगाई. सलीलने मला अलगद आत सोडलं आणि मी सरळ दगडाखालची फट गाठली.

“बाबा, तो झिपऱ्या कुठे गेला?” पाच वर्षांची स्पृहा काचेला नाक लावून ओरडली. त्या क्षणापासून माझं नाव झिपऱ्या पडलं.

स्पृहाच्या मागे तिची आई उभी होती. तिचं नाव मिताली. तिच्याबद्दल तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण माझं जगणं-मरणं पुढे तिच्याच हातात आलं. मिताली लेकीला द्राक्षसुद्धा चिरून द्यायची. घरातल्या खालच्या प्लगांना तिने चिकटपट्ट्या लावल्या होत्या. रस्त्याने जाताना ती स्पृहाचं बोट नाही, मनगट धरायची. तिने मला पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा :

“अहो, हा चावतो का?”

“छे गं,” सलील म्हणाला. “याला दातांचं तोंड आहे, पण ते अंगाच्या खाली, एवढंसं. माणसाला काही करत नाही.”

“आणि माशांना?”

“यानेच घाबरून बीळ गाठलंय, पाहिलंस ना?”

केर काढायला आलेल्या नंदाबाईंनी तेवढ्यात वाकून पाहिलं आणि झाडू टाकून त्या दोन पावलं मागे गेल्या. “अगे माय! वहिनी, हा त मले सापाचा गुच्छाच दिसते. काहून आणलं साहेबांनी याले लेकराच्या घरात?”

झालं. मितालीच्या मनात जी शंका दाराशी उभी होती, ती घरात येऊन बसली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती टाकीसमोर मोबाइल घेऊन बसली. मी फटीत होतो, पण तिचा श्वास जलद झालेला मला काचेतून कळला. तिने सलीलला हाक मारली.

“हे बघा. बघाच तुम्ही. हा भंगुरतारा हातांवर उभा राहतो, छत्रीसारखा. मासा सावली समजून खाली येतो, आणि हा पीळ घालून त्याला आत घेतो. अख्खा मासा, अहो!”

“तो हिरवा असतो, मिताली. वेगळी जात आहे. आपला तपकिरी आहे, पट्ट्यापट्ट्यांचा.”

“निळा दिवा लागला की आपलाही हिरवाच दिसतो.”

“निळ्या दिव्यात तर मीही हिरवा दिसतो.”

सलील हसला. मिताली हसली नाही. तिने राजदीपला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, बिनधास्त राहा, ही जात एकदम गरीब आहे.” तिने फोन ठेवला आणि म्हणाली, “विकणारा दुसरं काय म्हणणार?”

मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. कारण तिने पाहिलं ते खोटं नव्हतं. हिरव्या अंगाचा, जाड हातांचा माझा एक भाऊबंद खरोखरच झोपलेले मासे धरतो. समुद्रात आम्हीही त्याच्यापासून दूर राहतो. माझ्यापुरतं खरं सांगायचं तर, एखादा मासा आजारी होऊन माझ्या हाताशी येऊन पडला, तर मीसुद्धा त्याला सोडणार नाही. पण धडधाकट माशामागे धावायची माझी हिंमत नाही. हे मी मितालीला कसं सांगणार? मी फटीतून फक्त एका हाताचं टोक बाहेर काढायचो, आणि तेवढंच तिला दिसायचं.

तरी काही महिने बरे गेले. उरलेलं अन्न मी उचलायचो, वाळू स्वच्छ राहायची. सलील पाहुण्यांना सांगायचा, “आमचा सफाई कामगार.” स्पृहा तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन यायची आणि सगळ्या मिळून “झिपऱ्या, बाहेर ये” असा गलका करायच्या. मी काही यायचो नाही. पण मितालीचा पहारा सुटला नव्हता. पोळ्या लाटता लाटता ती बाहेर येऊन माशांची जोडी जागेवर आहे ना पाहून जायची. स्पृहाला टाकीत बोट घालायची सक्त मनाई होती.

मग उन्हाळा आला. विदर्भातला उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार! टाकीसाठी बैठकीत दिवसभर एसी लावून ठेवावा लागे. सलीलची आई, पद्मजाआजी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या वाऱ्याला येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, “माशांच्या पुण्याईने म्हातारीला गारवा मिळून राह्यला, नाही तर माझ्यासाठी कोण लावतं एसी!”

एसी असूनही टाकीतलं पाणी वाफ होऊन उडायचं. रोज तेवढं पाणी वरून भरावं लागायचं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भरायचं ते साधं पाणी, पण शुद्ध. नळाचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. म्हणून सलील घरच्या शुद्धीकरणाच्या मशीनचं पाणी घालायचा. नेमका तो बँकेच्या ट्रेनिंगला नागपूरला गेला आणि मशीन बंद पडलं. लग्नसराईत मेकॅनिक सापडेना.

“आई, टाकीचं पाणी खाली गेलंय. कुठलं घालू? नळाचं घालू नको म्हणून सांगून गेलेत.” मितालीने सासूबाईंना विचारलं.

“अगं, मग माझ्या गुंडातलं घाल,” पद्मजाआजी म्हणाल्या.

स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ तिवईवर त्यांचा तांब्याचा गुंड, म्हणजे पाण्याचा घडा, असायचा. उकळून गार केलेलं पाणी संध्याकाळी त्यात भरायचं, सकाळी घरातल्या सगळ्यांनी प्यायचं, हा त्या घरचा वर्षानुवर्षांचा रिवाज. गुंड आजी रोज चिंचेने घासून असा लखलखीत करायच्या की नंदाबाई म्हणत, “काकू, याच्यात पाहून मी भांग पाडतो.”

“रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी,” आजी पुढे म्हणाल्या, “यापेक्षा शुद्ध पाणी पुसदात कुठे मिळत असेल तर मला दाखव. स्पृहाला आपण हेच देतो ना?”

स्पृहाला हेच देतो. मितालीला यापेक्षा मोठा दाखला नको होता. जे पाणी लेकीच्या ओठाला लावायचं, तेच तिने टाकीत ओतलं. रोज सकाळी, तांब्या तांब्या करून, काळजीने.

मित्रांनो, पहिले काही दिवस मला काही कळलं नाही. मग पाण्याला एक कडू धार आली. हातांच्या टोकांना चुरचुर व्हायला लागली. फटीत जीव घुसमटू लागला, जणू अंगाभोवती कोणी हळूहळू दोरी आवळतंय. कोणाला दिसत नव्हतं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, मासे नेहमीसारखे पळत होते. माशांना ते सोसत होतं. आम्हा बिनहाडाच्यांना सोसत नव्हतं.

मी कधी दिवसा बाहेर पडत नाही. पण त्या दुपारी भर उजेडात मी फट सोडली आणि दगडाच्या शेंड्यावर चढलो. वर कुठे तरी बरं पाणी असेल, या आशेने हातांच्या टोकांवर अंग उचललं आणि ताठ उभा राहिलो. अगदी छत्रीसारखा.

मिताली दारात उभी होती. तिच्या हातातला पेला खाली पडला.

“स्पृहा, मागे हो! टाकीपासून मागे हो आधी!”

“आई, झिपऱ्या बाहेर आला!”

“मागे हो म्हटलं ना!”

ती इतकी जोरात ओरडली की स्पृहा रडायला लागली. नारंगी मासा माझ्या बाजूने गेला तशी मितालीने काचेवर थापा मारायला सुरुवात केली. थाप माझ्या अंगात वीज पडावी तशी घुसली. मी कोसळलो आणि फटीत शिरलो.

दुसऱ्या दिवशी कोळंबी मेली. ती माझ्या फटीच्या तोंडाशीच येऊन पडली. मी कितीही आजारी असलो तरी मेलेलं उचलणं हे माझं काम. दोन हात काढून मी तिला आत ओढत होतो, तेवढ्यात काचेपलीकडे सावली पडली.

“आई, या! इकडे या! त्याने कोळंबी धरलीय!”

पद्मजाआजी आल्या, नंदाबाई आल्या. मी तिच्या अंगाला विळखा घातलेला, आणि तिची लाल-पांढरी मिशी बाहेर लोंबत असलेली. मला कोणी काही विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? दिसत होतं ते तसंच होतं.

“मी म्हणलंच होतं वहिनी,” नंदाबाई म्हणाल्या. “आज झिंगा, उद्या मासा. मंग लेकरू हात घालन तवा?”

मितालीने सलीलला फोन केला. “हा तोच आहे. हिरवाच आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

“मी येईपर्यंत थांब. मग बघू.”

“तुम्ही येईपर्यंत काय काय खाल्लं असेल त्याने? घरात लहान मूल आहे, अहो. मी नाही थांबणार.”

“मारू नकोस फक्त,” सलील म्हणाला.

“मारायचं कायले?” पद्मजाआजी बाजूने बोलल्या. “पाण्यातला जीव आहे, पाण्यात सोडून द्या. आपलं धरण आहे की. पुण्य लागेल.”

“माह्या घरचे बाजाराच्या दिवशी धरणाकडेच जाते,” नंदाबाई म्हणाल्या. “नेतील थे. बादलीत काढून ठेवा.”

धरणाचं पाणी गोडं असतं. खाऱ्या पाण्याच्या जिवाला गोडं पाणी म्हणजे तुम्हाला उकळतं तेल. ते त्या घरात त्या वेळी एकालाही सुचलं नाही. कोणाच्या मनात पाप नव्हतं. पुण्य लागावं म्हणूनच मला मारणार होते.

मला काढायचं काम मितालीनेच केलं. नंदाबाई हात लावायला तयार नव्हत्या. मितालीने भाजीचा लांब चिमटा घेतला, दंडापर्यंत प्लास्टिकची पिशवी बांधली आणि तोंडाने देवाचं नाव घेत हात आत घातला. चिमट्याने माझा एक हात पकडला. मी ओढला, तिने ओढला आणि हात तुटला. तुटलेला हात चिमट्यात वळवळत राहिला. तिने किंचाळून चिमटा फेकला.

“मेला का?” स्पृहा हुंदके देत होती. “आई, तू त्याचा हात तोडला!”

मितालीने जाळी शोधून आणली. मग तिने डोळे मिटून जाळीने मला उचललं आणि बादलीत टाकलं.

त्या बादलीबद्दल थोडं सांगतो. मला फेकूनच द्यायचं होतं तर तिने टाकीतलंच पाणी भरलं असतं. पण दोन दिवस एक जीव कोळंबी मेलेल्या पाण्यात ठेवायचा तिला धीर झाला नाही. सलीलच्या कपाटातलं समुद्री मीठ तिने काढलं. बादलीभर पाणी गुंडातून घेतलं तर घराला प्यायला काय उरणार, म्हणून बाहेरून पाण्याचा कॅन मागवला. पद्मजाआजींना कॅनच्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो, म्हणून त्यांच्या घरी तो कधी येत नसे. मीठ विरघळवून, सलीलने शिकवलं होतं तसं मोजून तिने पाणी केलं. स्पृहाने हट्ट केला म्हणून बुडबुड्यांची नळी सोडली. बादलीभोवती ओलं फडकं गुंडाळून ती कूलरसमोर ठेवली आणि वर जड झाकण ठेवलं. माझी भीती वाटत होती म्हणून जड.

त्या अंधारात मी तुटक्या हाताने तळाशी पडून होतो. बाहेर कोणाचं पाऊल वाजलं की वाटायचं, आला तो धरणावर नेणारा. बादलीत फट नाही, दगड नाही, लपायला वाळूचा कण नाही. भित्र्या प्राण्याला उघड्यावर ठेवणं म्हणजे काय ते ज्याला लपायला जागा नसते त्यालाच कळतं. आणि तरीही एक नवलाची गोष्ट घडत होती. माझी चुरचुर थांबत होती. आवळलेली दोरी सैल होत होती.

मितालीने अधूनमधून झाकण उचलून पाहिलं. भीतीमुळेच पाहिलं असेल, बाहेर तर आला नाही ना म्हणून. पण ती बघण्यात कधी कुचराई करत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मुटकुळं होऊन पडलो होतो. नंतर पाहिलं तेव्हा हात पसरून, काठाशी शांत बसलो होतो. ती बराच वेळ पाहत राहिली. “हा तर बरा दिसून राह्यला,” ती पुटपुटली.

आणि टाकीत? टाकीत आता मी नव्हतो, तरी मरण थांबलं नव्हतं. एक गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत उलटी पडली. मग दुसरी. प्रवाळांनी आपली फुलं मिटून घेतली ती उघडेनात. टाकीच्या मागच्या बंद कप्प्यात, जिथे माझा हात जन्मात पोचला नसता, तिथलीही गोगलगाय शंखाबाहेर लोंबत होती.

बाजाराचा दिवस उजाडला. फटफटी दाराशी येऊन थांबली. नंदाबाईंचा नवरा बाबूसिंग आत आला.

“कुठी हाय बादली?”

“न्या ना. झाकण उघडू नका फक्त,” पद्मजाआजी म्हणाल्या.

बादली उचलली गेली. पाणी हिंदकळलं, मी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटलो. बुडबुड्यांची नळी निघाली. उंबरा, पायरी, अंगण. झाकणातून उन्हाची झळ आत आली. फटफटीच्या कॅरिअरला दोरी करकचून बांधल्याचा आवाज मी ऐकला. मी उरलेले हात अंगाखाली घेतले. माझ्याकडे सोडून पळायला हात होते, पण पळायला जागा नव्हती.

आत मिताली टाकीसमोर उभी होती. मागच्या कप्प्यातला तो शंख तिच्या तळहातावर होता. हे सगळं मला नंतर कळलं, कारण पुढे कितीतरी दिवस ती ज्याला त्याला हेच सांगत होती.

“आई,” ती म्हणाली, “झिपऱ्या बादलीत आहे, मग हिला कोणी मारलं?”

“अगं, उन्हाळा आहे...”

“मासे चांगले आहेत. फक्त शंखवाले जातायत. कोळंबी गेली. झिपऱ्या दुसऱ्या पाण्यात गेला आणि बरा झाला.” तिचा आवाज बारीक झाला. “आई, माझ्या माहेरी, फुलसावंगीला, संत्र्याच्या बुंध्याला बाबा मोरचूद आणि चुना लावतात. गोगलगाय त्याच्यावर चढत नाही. चढली तर मरते.”

“मग?”

“मोरचूद म्हणजे तांबंच हो, आई.”

दोघींची नजर एकदमच ओट्याजवळच्या गुंडाकडे गेली.

बाहेर फटफटीला किक बसली. इंजिनाची थरथर बादलीत शिरली आणि मी तळाला चिकटलो. तेवढ्यात अनवाणी पावलं फरशीवरून, पायरीवरून धावत आली.

“भाऊ, थांबा! भाऊ! बंद करा गाडी!”

“काय झालं वहिनी? सुटला काय थो?”

“नाही. उतरवा बादली. त्याने काही केलं नाही.”

“मंग धरणावर नाही न्याचं?”

“धरणावर?” मिताली थबकली. मला वाटतं तेव्हाच तिला दुसरीही गोष्ट सुचली. “भाऊ, हा खाऱ्या पाण्यातला आहे. धरणात तर हा...” तापलेल्या अंगणात ती अनवाणीच उभी होती. मग स्वतःच दोरी सोडायला लागली. गाठ काही सुटेना. शेवटी बाबूसिंगने सोडली आणि म्हणाला, “वहिनी, आधी सांगा न बावा, मले त धाक पडला होता, रस्त्यात चावला त काय करू म्हणून.”

सलील त्याच संध्याकाळी निघून आला. टाकीतलं पाणी थोडं थोडं करून बदललं, तांबं शोषून घेणारा कोळसा ठेवला, प्रवाळांची फुलं उघडेपर्यंत मी बादलीतच राहिलो. या वेळी स्पृहाने आत एक फुटकी कुंडी ठेवली, लपायला. तिचा दुसरा कोणताही खेळ मला इतका आवडला नाही. चिमट्याने गेलेला एक हात आणि तांब्याच्या पाण्याने झडलेलं दुसऱ्या हाताचं टोक अजून वाढतं आहे. कोळंबी मात्र परत आली नाही, आणि काचेवर आता एकच गोगलगाय फिरते.

पद्मजाआजी चार दिवस टाकीकडे फिरकल्या नाहीत. मग एकदा टाकीजवळ येऊन म्हणाल्या, “जन्मभर पोरांना शिकवलं, आणि स्वतः मुक्या जिवाला नको ते पाजलं.” मिताली म्हणाली, “आई, ओतलं मी. आणि ते आपल्याला चांगलंच आहे हो. फक्त याला नाही.” गुंड आजही लखलखतो. टाकीसाठी स्टीलचा डबा वेगळा ठेवलेला आहे आणि त्याला आजींखेरीज कोणी हात लावायचा नाही, असा त्यांचाच हुकूम आहे.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, भंगुरतारा घरच्या टाकीत सुरक्षित असतो का? माझ्यासारखे लहान, पट्टेवाले बहुतेक निरुपद्रवी असतात. पोटभर खायला द्या, लपायला फट द्या, म्हणजे झालं. हिरवा, जाड अंगाचा मात्र छोट्या माशांमध्ये आणू नका. तो जे करतो ते त्याच्या पोटासाठी करतो, मग उगाच त्याला गुन्हेगार ठरवायची वेळ का आणायची? आणि कोणताही जीव घरी आणण्याआधी त्याचं पाणी कोणतं, त्याला काय सोसतं, काय सोसत नाही, हे विचारून घ्या. तुम्हाला जे अमृत, ते त्याला विष असू शकतं. आम्हाला ओरडता येत नाही. आम्ही फक्त उभे राहतो, आणि तुम्हाला वाटतं आम्ही शिकार करतोय.

मितालीची भीती गेली का? नाही गेली. मला वाटतं ती जायचीही नाही, आणि जाऊही नये. तिच्या भीतीनेच मला जवळजवळ मारलं, पण तीच शंख तळहातावर घेऊन उभी राहिली म्हणून मी वाचलो.

परवा संध्याकाळी तिने कोळंबीचा एक तुकडा बोटांत धरला. ना चिमटा, ना पिशवी. हात पाण्यात घालून तिने तो फटीसमोर धरला. मी फटीतून एक हात थोडा थोडा करून बाहेर काढला. तुकड्यापर्यंत पोचायला मला फार वेळ लागला.

“आई,” स्पृहाने हळूच विचारलं, “तो तुला काही करणार नाही ना?”

मितालीने हात मागे घेतला नाही.

“आपण त्याला काही करणार नाही ना,” ती म्हणाली, “ते आधी बघू.”